विश्लेषण : सलग ३० विजयांनंतरचा पहिला पराभव… हॉकीप्रेमींना रोमची सल अजून का?

ऑलिम्पिक हॉकीमध्ये भारताने १९२८ पासून एकही सामना गमावला नव्हता. सलग ३० विजय आणि सहा सुवर्णपदके. ९ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये ही मालिका खंडित झाली. पाकिस्तानने अंतिम सामना १-० असा जिंकला. भारताला रौप्यपदक मिळाले, पण त्याचा उल्लेख आजही ‘सुवर्ण गमावले’ असाच होतो. जगात दुसरा क्रमांक मिळवणारा संघ चाहत्यांच्या लेखी पराभूत का ठरला? विजयांच्या दीर्घ मालिकेनंतरची पहिली हार इतकी जिव्हारी का लागते?

रोममध्ये नेमके काय घडले?

लेस्ली क्लॉडियस यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ रोमला गेला होता. मुंबईचे जोसेफ अँटिकही त्या संघात होते. भारताने डेन्मार्कला १०-०, नेदरलँड्सला ४-१ आणि न्यूझीलंडला ३-० असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलिया आणि उपांत्य फेरीत ग्रेट ब्रिटन यांच्यावर मात्र १-० असा निसटता विजय मिळाला. अंतिम सामन्यात पहिल्याच सत्रात नसीर बुंदा यांनी पाकिस्तानला आघाडी मिळवून दिली. उरलेल्या वेळेत भारताला बरोबरीचा गोल करता आला नाही. तीनच दिवसांपूर्वी मिल्खा सिंग यांचे ४०० मीटर शर्यतीतील पदक थोडक्यात हुकले होते. ते दुःख ताजे असतानाच हा दुसरा धक्का बसला. त्या काळी घरोघरी दूरचित्रवाणी नव्हती. बातमी रेडिओवरून आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून कळली. आपला संघ कसा हरला, हे बहुतेक चाहत्यांनी पाहिलेही नाही. त्यांच्या हाती फक्त निकाल आला.

ही मालिका एवढी मोठी कशी झाली?

सुरुवात अगदी साधी होती. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला निघालेल्या संघाला निरोप देण्यासाठी मुंबई बंदरावर अवघे तीन जण आले होते, अशी आठवण मेजर ध्यानचंद यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. पाच सामन्यांत २९ गोल करून आणि एकही गोल न स्वीकारता हा संघ सुवर्णपदकासह परतला, तेव्हा त्याच बंदरावर गर्दी उसळली. पुढे १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेचा २४-१ असा, तर १९३६ मध्ये बर्लिनला अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा धुव्वा उडवला. १९२८ ते १९५६ या सहा ऑलिम्पिकमध्ये भारताने १७८ गोल केले आणि केवळ सात स्वीकारले.

या आकड्यांना भावनेचीही जोड होती. १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याचा पहिला वर्धापन दिन तीन दिवसांवर असताना, भारताने वेम्बलीवर ग्रेट ब्रिटनला ४-० असे नमवले. कालपर्यंत ज्यांचे राज्य होते, त्यांना त्यांच्याच घरी हरवले होते. तेव्हापासून हॉकी हा निव्वळ खेळ राहिला नाही. नव्या देशाच्या आत्मसन्मानाशी तो जोडला गेला. इतर खेळांत पदक मिळणे हा योगायोग वाटे, हॉकीत मात्र सुवर्ण गृहीत धरले जाऊ लागले.

पराभवाची चाहूल नव्हती का?

होती, पण विजयाच्या आनंदात तिच्याकडे दुर्लक्ष झाले. फाळणीनंतर एकाच परंपरेतील खेळाडू दोन देशांत विभागले गेले. १९३६ मध्ये भारतासाठी सुवर्ण जिंकणारे अली दारा १९४८ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. १९४८ च्या भारतीय संघातील लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन १९५६ मध्ये पाकिस्तानकडून खेळले. मेलबर्नमधील त्या ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेवर १६ आणि अफगाणिस्तानवर १४ गोल केले खरे, पण उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध आणि अंतिम फेरीत पाकिस्तानविरुद्ध प्रत्येकी एकच गोल करता आला. १९५८ च्या टोक्यो आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत-पाकिस्तान सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि गोलफरकाच्या जोरावर सुवर्णपदक पाकिस्तानला मिळाले. थोडक्यात, अंतर वर्षानुवर्षे कमी होत होते. ‘जिंकलो’ या एका शब्दाआड गोलफरक झाकला गेला. विजयांच्या मालिकेचा हा मोठा धोका असतो. तिच्यात निकाल दिसतो, घसरण दिसत नाही.

रौप्यपदक असूनही दुःख का?

१९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आठ वर्षांनी हॉकीचे रौप्यपदक आले आणि ती नामुष्की ठरली. पदक वरच्या दर्जाचे, पण आनंद उणा. याचे कारण पदकात नसून अपेक्षेत आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि आमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, माणूस लाभ-हानी शून्यापासून मोजत नाही, तर मनातल्या एका संदर्भबिंदूपासून मोजतो. शिवाय तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख त्याला अधिक तीव्रतेने जाणवते. खाशाबांच्या पदकाआधी संदर्भबिंदू ‘काहीच नाही’ हा होता, हॉकीत तो ‘सुवर्ण’ होता.

व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि टॉमस गिलोविच या अमेरिकी अभ्यासकांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील चित्रफितींचा अभ्यास केला. त्यात कांस्यविजेते रौप्यविजेत्यांपेक्षा अधिक आनंदी दिसले. कांस्यविजेता ‘पदक मिळाले’ म्हणून खूश असतो, तर रौप्यविजेत्याला ‘सुवर्ण निसटले’ ही टोचणी असते. चाहत्यांचेही तसेच होते. म्हणूनच १९४८, १९५२ आणि १९५६ ची सुवर्णपदके जिंकणाऱ्या क्लॉडियस यांच्या नावापुढे ‘ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा हरलेल्या संघाचा कर्णधार’ ही ओळख चिकटली.

‘आपण’ जिंकलो आणि ‘ते’ हरले?

रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास बोलका आहे. फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणत, हरला की बहुधा ‘ते हरले’ म्हणत. विजय आपला, पराभव खेळाडूंचा. दुःख इथवरच थांबले तर ठीक. पण अनेकदा ते गुन्हेगार शोधू लागते.

१ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने आधी आघाडी घेतली, पण शेवटी पाकिस्तानने ७-१ असा विजय मिळवला. रोमचा पराभव ऐकला-वाचला गेला होता. हा पराभव देशाने दूरचित्रवाणीवर, घरात बसून पाहिला. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्यावर थेट पैसे घेऊन सामना सोडल्याचा संशय घेतला गेला. त्या संशयाचा डाग त्यांना अनेक वर्षे वागवावा लागला.

ताजे उदाहरण याहून कटू आहे. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. काही दिवसांतच भारतीय महिला संघ उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून हरला आणि तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार कुटुंबीयांनी केली. पोलिसांना अटक करावी लागली. हे खेळावरचे प्रेम नव्हते. आधीपासून मनात असलेल्या द्वेषाला पराभवाचे निमित्त मिळाले होते.

पराभवाचा काही फायदाही होतो का?

होतो, जर संघ आणि चाहते त्याच्याकडे डोळसपणे पाहतील तर. भारताच्या विजयमालिकेतच एक विसरलेला पराभव आहे. १९३६ मध्ये बर्लिनला पोहोचल्यावर सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते. तो ऑलिम्पिक सामना नसल्याने ३० विजयांच्या हिशेबात धरला जात नाही. पण त्या हारीनंतर अली दारा यांना भारतातून तातडीने बोलावून घेण्यात आले. पुढे १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्याच जर्मनीविरुद्ध अंतिम सामन्यात भारताने आठ गोल केले.

रोमनंतर मात्र लगेच यश मिळाले नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही पाकिस्ताननेच अंतिम सामना जिंकला. अखेर १९६४ मध्ये टोक्यो ऑलिम्पिकमध्ये चरणजित सिंग यांच्या संघाने मोहिंदर लाल यांच्या गोलच्या बळावर पाकिस्तानला १-० असे नमवून सुवर्ण परत आणले. रोममध्ये पराभव पाहिलेले गोलरक्षक शंकर लक्ष्मण आणि उधम सिंग या संघातही होते.

आजच्या चाहत्यांसाठी यात काय आहे?

१९८० च्या मॉस्कोतील सुवर्णानंतर चार दशके ऑलिम्पिक पदक मिळाले नाही. २००८ मध्ये तर संघ बीजिंगला पात्रही ठरला नाही. या कोरड्या काळात संदर्भबिंदू खाली आला. म्हणूनच ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीला ५-४ असे हरवून मिळालेल्या कांस्यपदकाने अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. १९६८ मध्ये मेक्सिकोत हेच कांस्य अपयश मानले गेले होते. विशेष म्हणजे टोक्योच्या त्याच स्पर्धेत साखळी फेरीत ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असे चिरडले होते. १९८२ मध्ये याच गोलसंख्येने एका गोलरक्षकाला देशद्रोही ठरवले होते. या वेळी संघ सावरला, पुढचे सामने जिंकला आणि पदक घेऊनच परतला. २०२४ मध्ये पॅरिसला स्पेनवर २-१ अशी मात करून कांस्य पुन्हा मिळाले.

सलग दोन पदकांमुळे आता अपेक्षा पुन्हा उंचावल्या आहेत. तसे होणे स्वाभाविकच आहे. अपेक्षा नसेल तर चाहता कसला? पण अपेक्षा उंचावली की पुढची हार अधिक बोचणार, हेही ओघाने आले. ती बोच कोणत्याही चाहत्याला टाळता येत नाही. त्या क्षणी ‘ते हरले’ म्हणून एखाद्या खेळाडूच्या दारात जायचे, की ‘आपण हरलो’ म्हणून पुढच्या सामन्याची वाट पाहायची, एवढे मात्र त्याच्या हातात असते.