पूर्णविराम कोठे द्यायचा?

वसतिगृहात नव्याने आलेल्या तिसरीतील एका मुलाने घरी पाठवायचे पत्र मला दाखवले. त्यात एक ओळ होती : ‘आई रविवारी सुटी नाही आलीस तरी चालेल’. त्याचे नाव न सांगता ती ओळ मी फळ्यावर लिहिली आणि वर्गाला विचारले, “आईने यायचे की नाही?” मुलांचे दोन तट पडले. एकाने वाचले, ‘रविवारी सुटी. नाही आलीस तरी चालेल.’ दुसऱ्याने वाचले, ‘रविवारी सुटी नाही. आलीस तरी चालेल.’ दोन्ही वाचने बरोबरच होती. राजूरच्या पलीकडून, दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने येणाऱ्या आईला मात्र त्या एका ठिपक्याची किंमत मोजावी लागली असती.

ही चिन्हे मराठीत फार जुनी नाहीत. मोडी दस्तऐवजांत शब्दही सुटे लिहिण्याची रीत नव्हती. पोथ्यांत दंड येत, प्रश्नचिन्ह नव्हते. छापखाना आणि शाळा आल्या, तेव्हा अनोळखी वाचकासाठी लिहिणे भाग पडले. मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत रूढ केली. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीच बंदी, त्यांचा धर्म कोणता, हे तिने त्यात विचारले. प्रश्नार्थी वाक्याचे बळ आपल्या समाजाने असे फार लवकर ओळखले होते.

वर्गात आरंभ दोन शब्दांपासून करावा : ‘पाऊस पडतो.’ मग कोठे, कसा, असे विचारत वाक्य वाढवावे : ‘कळसूबाईवर जोराचा पाऊस पडतो.’ पुढे तेच वाक्य पालटावे. ‘पाऊस पडतो का?’ हे प्रश्नार्थी. ‘किती जोराचा पाऊस हा!’ हे उद्गारार्थी. ‘पावसात जाऊ नकोस.’ हे आज्ञार्थी. मुलांनी प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणावे. आवाज कोठे उतरतो, कोठे चढतो, हे कानाला कळले की चिन्ह हाताला सापडते. त्यानंतर वाक्ये जोडावीत : ‘पाऊस पडला आणि ओढा भरला.’ हे संयुक्त वाक्य. ‘जेव्हा पाऊस पडतो, तेव्हा ओढा भरतो.’ हे मिश्र. येथे ‘तेव्हा’च्या आधी क्षणभर थांबावे लागते, म्हणून स्वल्पविराम.

एक चूक हमखास होते. ‘का’ दिसला की मुले प्रश्नचिन्ह देतात. ‘तो का आला नाही, हे मला ठाऊक नाही.’ या वाक्यात ‘का’ आहे. परंतु बोलणारा विचारत नाही, सांगतो आहे. म्हणून शेवटी पूर्णविराम. चिन्ह शब्द पाहून ठरत नाही, वाक्याचा हेतू पाहून ठरते.

वसतिशाळेतील मुलांच्या कानावर दिवसभर आज्ञार्थी वाक्ये पडतात : उठा, रांगेत उभे राहा, ताट धुवा. शिस्तीसाठी ती आवश्यक आहेत. पण केवळ आज्ञा ऐकून वाढलेले मूल प्रश्न विचारायला कचरते. म्हणून माझ्या वर्गात प्रत्येकाने दररोज वहीत स्वतःचा एक प्रश्न लिहावा, असा नियम आहे. आरंभी ‘जेवायला काय आहे?’ असे प्रश्न येतात. वर्ष सरता सरता ‘आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी का नसते?’ असेही येतात. कोणतेही मत पारखूनच स्वीकारावे, असे शिकवणाऱ्या तथागतांच्या आणि शिक्षणाला मुक्तीचे साधन मानणाऱ्या बाबासाहेबांच्या विचारांवर उभ्या असलेल्या या शाळेत प्रश्नचिन्हाला हे स्थान असलेच पाहिजे.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. मुलांशी फोनवर बोलता, ते बोलाच. पण महिन्यातून एकदा त्यांना पत्रही लिहा आणि त्यात निदान एक खरा प्रश्न विचारा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे. त्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना पूर्णविराम कोठे द्यायचा, याचा विचार मूल आपोआप करू लागेल. कारण पलीकडे वाचणारे कोणीतरी आहे, हे त्याला ठाऊक असेल.