हिवरखेडहून अकोल्याला जाणारी फाइल

हिवरखेडच्या बसथांब्यावर ताई उतरल्या तेव्हा हातात भाजीची पिशवी होती. मेथीच्या जुडीखाली प्लास्टिकच्या फोल्डरात एफआयआरची प्रत, वैद्यकीय तपासणीचा कागद, आधारची झेरॉक्स. "फाइल हातात दिसली का गाव इचारते, कोनाची हाय?" एवढंच त्या म्हणाल्या. ताई विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेविका. आम्ही कोणाच्या घरी निघालो, प्रकरण कधीचं, यातलं काहीही मी लिहिणार नाही. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. गावात मात्र ओळख फुटायला छापील नाव लागत नाही, पोलिसांची गाडी दारात थांबली की पुरे.

ज्या सरकारी मदतीसाठी हे कागद, ती मनोधैर्य योजना. 2 ऑक्टोबर 2013 पासून राज्यात सुरू झाली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी. आधी कमाल मर्यादा 3 लाखांची होती, 2017 मध्ये ती 10 लाखांवर गेली आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या मंडळाकडून विधी सेवा प्राधिकरणाकडे आला. आकडा ऐकून पारावर चर्चा होते, 'दहा लाख भेटले म्हणे'. प्रत्यक्षात रक्कम गुन्ह्याच्या स्वरूपावर ठरते, आणि मंजूर झालेल्यातलीही 75 टक्के दहा वर्षांच्या मुदत ठेवीत जाते. हाती येतो चौथा हिस्सा. ठेवीमागचा हेतू चांगला आहे; नातेवाइकांनी पैसा उडवू नये. पण आज किराणा भरायचा आहे, त्याला ही ठेव कामाची नाही.

घरात ताई ओसरीवर टेकल्या नाहीत, सरळ आतल्या खोलीत गेल्या. काय झालं, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. ते एफआयआरमध्ये आहे, पुन्हा बोलायला लावायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या नावं जुळवत बसल्या. आधारवर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं स्पेलिंग, एफआयआरमध्ये वडिलांचं नावच अर्धं. यातलं एक अक्षर हललं की अर्ज त्रुटीत निघतो. आईला वेगळीच काळजी होती. "पैसे जमा झाले तं बँकेवाले पासबुकावर काय छापतीन, ताई?" मला हे सुचलंच नसतं. ताईंना ते आधीच सुचलं होतं. त्यांनी खातं गावातल्या शाखेत न काढता तालुक्याला काढायला सांगितलं होतं.

मग अकोल्याच्या फेऱ्या. हिवरखेडवरून जाणारी खंडव्याची मीटरगेज गाडी 2017 पासून बंद आहे. आता एसटी, नाहीतर काळीपिवळी, अकोटवरून. समुपदेशन, पोलीस, वकील आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली देणारी 'सखी' केंद्रं 2015 पासून निर्भया निधीतून उभी राहिली, तीही जिल्ह्याच्या ठिकाणी. उपचार मोफत द्यायचे, खासगी दवाखान्यानंसुद्धा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये आहे. पण तिथवर पोचायचं भाडं? आईची बुडालेली मजुरी? पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांत अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची रक्कम आहे. बाल कल्याण समितीनं शिफारस केली की आठवड्याच्या आत द्यायची. ही तरतूद ज्यांच्या तोंडून मी ऐकली, अशा एकट्या ताईच.

भरपाईची चौकशी दोन महिन्यांत संपवावी, असं त्याच संहितेचं कलम 396 सांगतं. मंजुरी आणि पैसा मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखाशीर्षात तरतूद शिल्लक नसेल तर सहीचा आदेश घेऊनही थांबावं लागतं. तोवर रोज फोन येतो तो ताईंना. त्यांना मानधन मिळतं ते काम केलेल्या दिवसाचं. फोनचा दिवस त्यात धरत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. या योजनेतलं सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात गरजेचं काम सोबत जाण्याचं आहे, आणि नेमकं तेच ताईंसारख्यांच्या चांगुलपणावर सोडलं आहे. पीडितांसाठीच्या अनुदानात प्रत्येक तालुक्याला एका पूर्णवेळ सोबतिणीचा पगार आणि प्रवासखर्च वेगळा धरायला हवा. रकमेची मर्यादा पुन्हा वाढवायची तेव्हा वाढवावी. आधी हे करावं.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरीही भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आणि विधी सेवेचा मदत क्रमांक 15100 आहे.