एक भाषा, अनेक वाचक : मराठी मासिकांच्या मालिकेचा धडा



शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने बाजारपेठेविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विसंगत वाटेल. परंतु मी निवडलेला विषय माझ्या अध्यापनाच्या विषयाशी आणि आपल्या या बेळगाव शहराशीही निगडित आहे. निरनिराळ्या गरजांच्या ग्राहकांसाठी एकाच निर्मात्याने निरनिराळ्या वस्तूंची मालिका कशी रचावी, हा तो विषय होय. उदाहरणादाखल मी मराठी मासिक घेतले आहे. मासिक हीही अखेर विकाऊ वस्तूच आहे. तिला कागद लागतो, शाई लागते, टपालहशील लागते आणि वर्षअखेरीस वर्गणीदार टिकला नाही तर ती बंद पडते. तिच्यात सरस्वतीचा अंश असला, तरी हिशेबाची वही तिला चुकत नाही.

प्रथम मूळ कल्पना स्पष्ट करतो. बाजार म्हणजे एकसंध समुदाय नव्हे. त्यात गरजेने, ऐपतीने आणि सवयीने वेगळे असलेले गट असतात. प्रत्येक गट ओळखून त्याच्या मापाची वस्तू घडवावी, या विचाराची शास्त्रीय मांडणी अमेरिकन अभ्यासक वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली एका लेखात केली. व्यवहारात मात्र ही दृष्टी त्याहून जुनी आहे. हेन्री फोर्ड यांनी १९०८ पासून १९२७ पर्यंत 'मॉडेल टी' ही एकच मोटार सर्वांना विकली; तिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या आणि मधली काही वर्षे तर ती केवळ काळ्या रंगातच मिळत असे. तिच्यामुळे मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याच काळात जनरल मोटर्सने आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखाली शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतीच्या चढत्या पायऱ्या बांधल्या. पहिली गाडी घेणारा माणूस पुढे ऐपत वाढली की त्याच घराण्याची वरची गाडी घेई. फोर्ड यांची वस्तू उत्तम होती, पण ग्राहक बदलत गेला आणि वस्तू तशीच राहिली. अखेर १९२७ मध्ये ती बंद करावी लागली.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठी नियतकालिकांच्या आरंभापासून हाच प्रश्न उभा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यांच्यासमोर दोन वाचक होते : इंग्रजी जाणणारा आणि केवळ मराठी जाणणारा. त्यांनी एकाच पत्रात दोन स्तंभ केले, एक इंग्रजी व एक मराठी. नव्या प्रयोगात हे स्वाभाविकच होते. पण त्यामुळे प्रत्येक वाचकाच्या हाती असे पत्र पडे, ज्याचा निम्मा भाग त्याच्यासाठी नसे. पुढे जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी दोन स्वतंत्र पत्रे काढली. लोकांसाठी मराठी 'केसरी', आणि राज्यकर्ते व इंग्रजी शिकलेला वर्ग यांच्यासाठी 'मराठा'. मंडळी एक, हेतू एक. परंतु वाचक दोन, म्हणून पत्रे दोन. 'केसरी'तील मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून काम भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. लोकांना जागे करण्याची भाषा वेगळी आणि सत्ताधाऱ्याशी वाद घालण्याची भाषा वेगळी.

यानंतरचे उदाहरण माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखे आहे, आणि त्याचे मूळ आपल्या गावात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला त्यांचा उद्योग कडबा कापण्याच्या यंत्रांकडे आणि लोखंडी नांगराकडे वळला. पुढे येथील जागा सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शेतकऱ्याच्या मनात लोखंडी नांगराविषयी अढी होती. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. नांगर विकण्यापूर्वी हा समज दूर करणे भाग होते आणि त्यासाठी माहिती पोहोचवण्याचे साधन हवे होते. या गरजेतूनच कारखान्याच्या मालाची ओळख करून देणारी 'किर्लोस्कर खबर' ही पत्रिका १९२० साली निघाली. तिचे संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे शंवाकि.

शंवाकि स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते, त्यामुळे पान कसे दिसते याकडे त्यांचे लक्ष असे. परंतु वाचक पानावर कशासाठी थांबतो, याकडे त्याहून अधिक होते. जाहिरातीची पत्रिका हळूहळू सर्वसाधारण मासिक झाली. नावातील 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' एवढेच उरले. उद्योग, स्वावलंबन, विज्ञान, बुद्धिवाद आणि सोबत कथा असे त्याचे रूप ठरले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख याच मासिकातून वाचकांपर्यंत गेले. ते यशस्वी झाले, तेव्हा सोपा मार्ग होता तो पाने वाढवण्याचा : चार पाने स्त्रियांसाठी, चार तरुणांसाठी. शंवाकिंनी तो मार्ग घेतला नाही. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी दोन स्वतंत्र मासिके त्यांनी काढली. 'किर्लोस्कर' कर्तृत्वाची ओढ असलेल्या गृहस्थासाठी, 'स्त्री' लिहू-वाचू लागलेल्या आणि प्रश्न विचारू लागलेल्या स्त्रीसाठी, तर 'मनोहर' रंजनाकडे झुकणाऱ्या तरुण वाचकासाठी, अशी ही वाटणी होती.

'स्त्री'च्या निर्णयाकडे आज पाहताना एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. १९३१ च्या खानेसुमारीत भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरांत जेमतेम तीन होते. केवळ वर्तमान संख्या पाहणाऱ्या व्यापाऱ्याने हा गट सोडून दिला असता. परंतु पुण्यात १८८४ पासून मुलींची हायस्कूल चालू होती, १९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापले होते, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या मुलींना वाचायला काय द्यावे, हा प्रश्न उभा होता. गट लहान असला तरी वाढता होता आणि त्याची गरज खरी होती. नव्या वस्तूची आखणी करताना गटाच्या आकाराइतकीच त्याची दिशा पाहावी लागते, ती अशी.

या मालिकेतून मला चार गोष्टी दिसतात. पहिली अशी की, गट पाडताना माणसाच्या दर्जापेक्षा त्याची गरज पाहावी. हा वाचक या वस्तूचे काय करणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा. दुसरी गोष्ट म्हणजे फरक गाभ्यापर्यंत गेला पाहिजे. तोच मजकूर नव्या वेष्टनात घातला तर ग्राहक एकदा फसेल, दुसऱ्यांदा नाही. 'स्त्री'मध्ये केवळ पाककृती असत्या तर ती आणखी एक गृहोपयोगी पुस्तिका ठरली असती. विवाह, शिक्षण, अर्थार्जन, वारसा या प्रश्नांची चर्चा तिने केली, म्हणून ती वेगळी वस्तू ठरली. तिसरी गोष्ट हिशेबाची. मालिकेतील प्रत्येक नवी वस्तू स्वतःचा खर्च घेऊन येते. छापखाना, कचेरी आणि वितरण एकच असेल तर तो खर्च विभागला जातो. परंतु दोन वस्तूंतील अंतर फार कमी असेल तर त्या एकमेकींचेच वर्गणीदार खातात. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : मालिकेला आतून वाट असली पाहिजे. 'मनोहर'चा तरुण वाचक पुढे 'किर्लोस्कर'कडे जाऊ शके, कारण घराणे एक आणि दृष्टी एक होती. पुढील काळात अनंत अंतरकर यांनी 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' या तीन मासिकांतून अशीच मालिका उभी केली : एक वाङ्मयीन, एक विनोदी आणि एक अद्भुताची.

येथे एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. गट पाडले की भिंतीही उभ्या राहतात. स्त्रियांचे प्रश्न स्त्रियांच्या मासिकात गेले, म्हणजे पुरुषांनी ते वाचायला नकोत, अशी सोय होते. हा धोका खरा आहे. आमच्या घरी साठाच्या दशकात ही मासिके येत. त्यांतील 'स्त्री'चा अंक वडील आईच्या आधी वाचून काढत आणि मग जेवताना त्यावर दोघांचा वाद होई. सर्व घरांत असे घडत असेल, असे मी म्हणत नाही. परंतु अंक एकाच घरात, एकाच फळीवर असत, म्हणून हात पुढे करणाऱ्याला ते मिळत. वस्तू वेगवेगळ्या असाव्यात, फळी मात्र एक असावी. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी तेथून बाहेर पडून १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. वाचकगट आपला आवाज ओळखू लागला की तो आपली वस्तू स्वतः घडवू लागतो, हेही त्यातून दिसते.

हा सर्व इतिहास सांगण्याचे कारण आपल्या दारातले आहे. सीमाभागात मराठी वाचक कमी झाला, अशी खंत आपण प्रत्येक संमेलनात व्यक्त करतो आणि दोष वाचकाला देतो. मला वाटते, आपण फोर्ड यांच्यासारखे वागत आहोत. आपण एकच मराठी बनवतो, पाठ्यपुस्तकाची आणि ग्रंथालयाच्या कपाटातली, आणि सर्वांनी तीच घ्यावी असा आग्रह धरतो. प्रत्यक्षात आपल्यासमोर निदान चार वाचक आहेत.

पहिला वाचक म्हणजे मराठी माध्यमात शिकणारा विद्यार्थी. आपली सारी सिद्धता त्याच्यासाठी आहे. दुसरा, घरी मराठी बोलणारा पण इंग्रजी वा कन्नड माध्यमात शिकणारा मुलगा. देवनागरी अक्षरे त्याला हिंदीच्या तासामुळे येतात. म्हणून आपण त्याला मराठी वाचता येते असे समजतो आणि तो अडखळला की निराश होतो. पण तो कोठे अडखळतो, हे कोणी पाहिले आहे काय? 'चहा'तला च आणि 'चार'मधला च यांचे उच्चार वेगळे, हे अक्षरावरून त्याला कळत नाही. 'ळ' आणि 'ऱ्य' हिंदीच्या पुस्तकात त्याला भेटलेले नसतात. 'तिच्यासाठीसुद्धा' हा शब्द तो कानाने सहज समजतो, डोळ्यांना मात्र तो लांबलचक आगगाडीसारखा वाटतो. या मुलाचे वय बारा आहे आणि वाचनाचा वेग सात वर्षांच्या मुलाचा. आपण त्याला सातव्या वर्षाच्या गोष्टी देतो, म्हणून त्याला त्या बालिश वाटतात. त्याला हवी आहे बारा वर्षांच्या बुद्धीला रुचेल अशी क्रिकेटची, यंत्रांची, साहसाची हकीकत, लहान वाक्यांत आणि मोठ्या टंकात.

तिसरा वाचक म्हणजे शाळा सोडून पुण्या-मुंबईकडे किंवा परदेशी गेलेला आपला माजी विद्यार्थी. त्याची मराठी प्रौढ आहे, वेळ अपुरा आहे, आणि त्याला गावाची खबर हवी आहे. चौथा, ज्याची घरची भाषा कन्नड आहे आणि ज्याला शेजाऱ्याची मराठी शिकावीशी वाटते तो. त्याला कन्नड लिपीतून मराठी शब्दाचा उच्चार आणि कन्नडमधून अर्थ, अशी पुस्तिका लागेल. हे चौघे एका पुस्तकाने संतुष्ट होणार नाहीत.

शाळेच्या वार्षिक अंकापासून आरंभ करता येईल, असे मी सुचवतो. छपाई एक, संपादक मंडळ एक, खर्च एकत्र. परंतु आज जो एक जाड अंक निघतो, त्याऐवजी दोन लहान पुस्तिका निघाव्यात. एक दुसऱ्या वाचकासाठी आणि एक तिसऱ्यासाठी, कारण या दोघांकडे आज आपण काहीच पाठवत नाही. मुलांच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मोठ्यांच्या पुस्तिकेतील एक उतारा द्यावा, म्हणजे वरच्या पायरीची वाट दिसेल. छापण्यापूर्वी तिचा मसुदा पाच मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि जेथे तिघे थांबतील ते वाक्य बदलावे. कारखानदार नवा नांगर शेतात चालवून पाहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. वर्षभराने किती मुलांनी पुढील अंक आपणहून मागितला, ते मोजावे आणि त्यावरून चौथ्या वाचकाची पुस्तिका कधी काढायची ते ठरवावे.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य एकाच वर्गातील साठ मुलांना साठ प्रकारे शिकवण्यात गेले. संपादक मंडळाने माझ्या सूचनेचा विचार करावा आणि पुस्तिकेचा पहिला मसुदा तपासण्यास मला बोलवावे, मी येईन.