वायफायची यंत्रे आणि कॉन्फिगरेशन प्रोफाइल
मोठ्या रुग्णालयात वायफाय सर्वत्र पोहोचावे म्हणून छताला अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले नेटवर्क रेडिओलहरींवर देणारी छोटी यंत्रे, बसवलेली असतात. त्या प्रत्येकात नेटवर्कचे नाव, पासवर्ड आणि रेडिओची शक्ती हाताने भरणे वेळखाऊ तर असतेच, शिवाय एका अक्षराची चूक शोधताना नाकीनऊ येतात. म्हणून ही माहिती एकाच संचात, म्हणजे कॉन्फिगरेशन प्रोफाइलमध्ये, नोंदवून कंट्रोलर या मध्यवर्ती यंत्रावर ठेवतात. नवा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडला की तो कंट्रोलर शोधतो, स्वतःची ओळख पटवतो आणि आपल्या गटाचे प्रोफाइल उतरवून घेतो. या संवादासाठी २००९ मध्ये कॅपवॅप हा नियमसंच प्रसिद्ध झाला. मात्र सगळेच प्रोफाइलमध्ये ठरवून टाकणे शहाणपणाचे नसते: २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल सहसा वापरले जात असल्याने शेजारच्या यंत्रांना वेगवेगळे चॅनल द्यावे लागतात, आणि ते काम बहुधा कंट्रोलरच आसपासचा गोंगाट पाहून करतो. प्रोफाइलमधली चूकही क्षणात सगळ्या इमारतीत पसरते, म्हणून जाणते तंत्रज्ञ बदल आधी एखाद्या मजल्यापुरताच लावून पाहतात.