काही सापडलं नाही, काका!

तापाने फणफणलेले मूल दवाखान्याची पायरी चढताच खेळू लागते, हा अनुभव बहुतेक आईबापांनी घेतलेला असतो. आमच्या गाडीची तीच तऱ्हा होती. रस्त्यात बंद पडायची आणि वर्कशॉपच्या फाटकातून आत शिरली की शहाण्यासारखी वागायची.

गाडी लहानच, पेट्रोलवर चालणारी, फेब्रुवारी २०२१ मध्ये घेतलेली. किंमत सव्वासहा लाखांच्या घरात. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली आयुष्यातली पहिली गाडी. (वयाकडे पाहता बहुधा शेवटचीही.) वॉरंटीचे पुस्तक मी दागिन्यांच्या डबीशेजारी जपून ठेवले होते. वाचले मात्र नव्हते. दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर, जे आधी भरेल ते, एवढे एक वाक्य तेवढे पाठ होते.

एप्रिल २०२२ मध्ये भर दुपारी ती पहिल्यांदा बंद पडली, स्वारगेटच्या सिग्नलला. मागच्या रिक्षावाल्यांनी माझा जो उद्धार केला तो इथे छापण्याजोगा नाही. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, तर लगेच सुरू! दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप गाठले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा एक हसतमुख मुलगा. त्याने कॉम्प्युटर जोडून पाहिला. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून परत. "काही सापडलं नाही, काका. एकदम ओके आहे." पुढच्या पंधरा दिवसांत हेच आणखी दोनदा घडले. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून पाहण्याचा सल्ला मिळाला. मी पंप बदलला. त्याचा परिणाम एवढाच, की गाडी आता नव्या पंपाजवळ बंद पडली.

मग मे महिन्यात वाईला मुंज होती. गाडीत मी, सौभाग्यवती आणि मागे एक्याऐंशी वर्षांची आई. शिरवळ मागे पडले, खंबाटकीचा घाट लागला आणि निम्म्या चढावर इंजिन गप्प झाले.

इंजिन बंद पडणे म्हणजे गाडी नुसती थांबणे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. ब्रेकला जोर मिळतो तो इंजिनच्या ओढीने तयार होणाऱ्या निर्वात पोकळीतून. इंजिन थांबले की शिल्लक जोरावर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखे होते. स्टीअरिंगही जड होते. मी घाबरून दोन-तीनदा पेडल दाबले आणि होता तो जोर संपवून बसलो. गाडी मागे सरकू लागली. मागे मालाने भरलेला ट्रक. हँडब्रेक ओढून, सगळा भार पेडलवर टाकून मी ती कशीबशी धरली. तेवढ्यात ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरला आणि कडेचा एक दगड उचलून त्याने आमच्या मागच्या चाकाला लावला. आईने "अरे, झालं काय?" एवढेच विचारले. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

चौथ्या खेपेला वर्कशॉपमध्ये सौभाग्यवती सोबत आली. ती सरकारी रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका होती. मुलाने नेहमीप्रमाणे जॉबकार्ड भरून सहीसाठी माझ्यापुढे सरकवले. मी पेन उघडले, तर हिने कार्ड ओढून घेतले.

"यात काय लिहिलंयस, बाळा?"

"जनरल चेकअप, काकू."

"पेशंट छातीत दुखतंय म्हणून आलाय आणि तू केसपेपरवर तपासणीसाठी आला असं लिहितोस? तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिही."

घरी येऊन आधीची तीन कार्डे काढली. तिन्हींवर जनरल चेकअप आणि खाली माझी झोकदार सही! म्हणजे कागदोपत्री आमची गाडी कधी बंद पडलीच नव्हती. मी तीनदा हौसेने तिला धुऊन आणले होते. चौथ्या कार्डावर मात्र हिने सांगून लिहून घेतले: 'गाडी तापल्यावर चालता चालता इंजिन अचानक बंद पडते. वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. ता. १५ मे रोजी घाटात बंद पडली. ही चौथी वेळ.' उत्तराच्या रकान्यात संध्याकाळी पुन्हा 'दोष आढळला नाही' आलेच. पण तक्रार आता कागदावर होती.

आमच्या गल्लीत एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात. त्यांनी चहा घेता घेता निदान केले. क्रँकशाफ्ट कोणत्या क्षणी कुठे आहे हे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो. तो बोलायचा थांबला, की कॉम्प्युटर पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो. आतली एखादी तार तापून सुटत असेल, तर गार झाल्यावर ती पुन्हा जुळते. "तुम्ही सकाळी गार गाडी नेता आणि गार गाडी तपासून घेता," ते म्हणाले. "बंद पडताना आरपीएमचा काटा बघा. गाडी चालत असतानाच तो धाडकन शून्यावर आला, तर संशय पक्का."

काटा पाहायला संधीच मिळाली नाही. पाऊस आला, मग थंडी. गाडी सुतासारखी सरळ चालली आणि आम्हीही विसरलो. फेब्रुवारी २०२३ मध्ये वॉरंटी गुपचूप संपली. मार्चमध्ये ऊन तापले आणि गाडी पुन्हा सिंहगड रस्त्यावर उभी. काटा शून्यावर. हिने फोनवर त्याचे चित्रण केले.

"वॉरंटी संपली, काका. आता तपासायचेसुद्धा पैसे पडतील."

त्या मुलाचा मला फार राग येत नाही. वॉरंटीतल्या कामाचे पैसे विक्रेत्याला कंपनीकडून मिळतात, तेही कंपनीने ठरवलेल्या दराने, आणि दावा नामंजूर झाला तर बदललेला भाग त्याच्या गळ्यात पडतो. न सापडलेल्या दोषासाठी कोण हात पोळून घेईल? पण घाटात मागे सरकणाऱ्या गाडीत आई माझी होती.

मग ते पुस्तक कपाटातून काढून प्रथमच वाचले आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पोचपावतीसह रजिस्टर पत्र धाडले. (२०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. टपालखात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला ते जरा लागलेच.) तारखा, किलोमीटरचे आकडे, चारही कार्डांच्या प्रती. मुद्दा एकच: दोष मुदतीत कळवला होता आणि तो अजून दूर झालेला नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली.

मेहुण्यांचा आग्रह होता, की नवी गाडीच मागा. पण एखादा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच एका मोटारीच्या प्रकरणात म्हटले आहे. मला भाग बदलून हवा होता आणि तो फुकट हवा होता. नाहीच जमले तर जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्कच नाही, आमच्या गाडीला दोनशे रुपये पडले असते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तिथे राहून एवढेही करू नये?

अर्ज लागलाच नाही. नवव्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. मी अट घातली: दुपारी अडीच वाजता यायचे, माझ्या शेजारी बसायचे आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून फिरायचे. गृहस्थ आले. पाऊण तास घाम पुसत बसले. एरवी सिग्नलला रामनाम घेणारा मी त्या दिवशी गाडी बंद पडावी म्हणून देवाचा धावा करत होतो. राजाराम पुलाच्या अलीकडे काटा कोसळला.

"अरेच्चा!" इंजिनिअर म्हणाले. तो उद्गार ऐकायला मला अकरा महिने लागले होते.

दुसऱ्या दिवशी सेन्सर बदलला. बिल शून्य. सही करण्यापूर्वी हिने कार्ड वाचले आणि बदललेल्या भागाचे नाव व 'वॉरंटीत' हा शब्द लिहून घेतला. मुलाने मुकाट्याने लिहिले. मग म्हणाला, "काकू, अक्षर लागतंय ना?"

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. खंबाटकीचा तो दगड मात्र डिकीत आहे. आईनेच तो त्या दिवशी गाडीत टाकायला लावला होता. मध्यंतरी सर्व्हिसिंगला दिली असताना धुणाऱ्या पोऱ्याने कचरा समजून तो फेकून दिला. वाईला निघताना आईने डिकी उघडायला लावली, आत पाहिले आणि तशीच घरात जाऊन बसली. मला गाडी घेऊन वर्कशॉपला परत जावे लागले. दगड फाटकाजवळच पडलेला होता.