वेबसाइट आजारी पडली तर?

मुलांनो, भीमाशंकरच्या वाटेवरचं तळेघर तुम्हांला ठाऊक आहे ना? पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं, सह्याद्रीच्या कुशीतलं गाव. आजूबाजूला हिरड्याची झाडं आणि जवळच शेकरूसाठी प्रसिद्ध असलेलं भीमाशंकर अभयारण्य. समजा, इथल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून रानभाज्यांची नावं, औषधी झाडं, शेकरूचे फोटो असं सगळं गोळा केलं आणि शाळेतल्याच एका कॉम्प्युटरवर स्वतःची वेबसाइट थाटली. आणि एका पावसाळी सकाळी ती उघडेचना! आता काय करायचं?

घाबरायचं नाही. डॉक्टर आधी नाडी बघतात, मग औषध देतात. आपणही तसंच करू या.

आधी आतली मंडळी ओळखून घेऊ. पानं मागणाऱ्याला पानं पुरवतो तो वेब सर्व्हर. ‘अपाची’ हा त्यातला एक जुना, नावाजलेला. आणि मागणीप्रमाणे ताजं पान तयार करून देते ती पीएचपी ही भाषा. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी १९९४ साली तिची सुरुवात केली ती स्वतःच्या घरगुती पानासाठी! आज मराठी विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’वर चालतो, तीही पीएचपीतच लिहिलेली आहे. थोडक्यात, सर्व्हर हा वाढपी आणि पीएचपी ही आचारी!

पहिला प्रश्न : उत्तर येतंय का?

पडद्यावर ‘जोडणी होत नाही’ एवढंच दिसलं, तर वाढपीच जागेवर नसेल. कदाचित रात्री वीज गेली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण अपाची आपोआप सुरू झाला नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या पहिल्या सर्व्हरवर चिठ्ठीच डकवली होती, ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची!

पण एखादा आकडा दिसला, तर आनंद माना. सर्व्हर जिवंत आहे! ४०४ म्हणजे मागितलेलं पान सापडलं नाही. ४०३ म्हणजे मनाई आहे. बहुधा फाइल वाचायची परवानगी द्यायची राहिली असते. ५०० म्हणजे आत काहीतरी मोडलं. अशा वेळी अंदाजाचे बाण मारू नका. सर्व्हर आपल्या चुकांची एक वही ठेवतो, तिला ‘एरर लॉग’ म्हणतात. तिची शेवटची ओळ वाचा. कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत बिघडलं, ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

आणि पानाऐवजी पीएचपीची लिपीच पडद्यावर उमटली तर? वाढप्याने आचाऱ्याला न विचारता कच्चा शिधाच पानात वाढला, असं समजा! हे मात्र धोक्याचं, बरं का. त्या लिपीत पासवर्डही असू शकतो. ताबडतोब साइट बंद करा, अपाचीला पीएचपी जोडा आणि पासवर्ड बदला.

शेकरू अडकलं कुठे?

साइट चालते, पण शेकरूचा चार एमबीचा फोटो चढत नाही. का बरं? पीएचपीच्या मूळ मांडणीत एका फाइलला फक्त दोन एमबीची मुभा असते. ‘पीएचपी डॉट आयएनआय’ नावाच्या फाइलमध्ये ती वाढवता येते. बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करायला विसरू नका. तरीही फरक नाही? मग तुम्ही भलतीच फाइल बदलली असेल! अशा फाइली एकाहून जास्त असतात. ‘पीएचपी इन्फो’चं पान खरी फाइल कोणती, ते दाखवतं. काम झालं की ते पान पुसून टाका, नाहीतर आपल्या घराचा नकाशाच चोराच्या हाती!

अक्षरांची गंमत

आता खास आपल्या मराठीची अडचण. नावांच्या जागी नुसती ‘????’ दिसू लागतात! कॉम्प्युटर यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हासाठी तीन बाइट वापरतो. ‘तळेघर’ आपल्याला चार अक्षरी दिसतं, पण त्याच्या लेखी मात्रेसकट चिन्हं पाच, म्हणून बाइट पंधरा. माहिती साठवणारा डेटाबेस जुन्या, फक्त रोमन वळणाच्या पद्धतीवर ठेवलेला असेल, तर तो देवनागरी अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह साठवून मोकळा होतो. आणि एकदा प्रश्नचिन्ह साठवलं, की मूळ अक्षर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. आजीने सांगितलेलं रानभाजीचं नाव कायमचं गेलं की हो!

म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा. एका वेळी एकच बदल करा. बदलण्याआधी जुन्या फाइलची नक्कल ठेवा. आणि सगळ्या माहितीची एक प्रत दुसऱ्या जागी, पेनड्राइव्हवर तरी, नेहमी असू द्या. बिघाड दुरुस्त होतो, हरवलेली माहिती नाही.

आता एक कोडं. ‘जुन्नर’ला किती बाइट लागतील? उकार आणि हलन्त मोजायला विसरू नका हं! चिन्हं सहा, म्हणून बाइट अठरा. आता तुमचं स्वतःचं नाव घ्या आणि आईबाबांना कोड्यात टाका!