भंगारात सापडलेला जुना वस्तरा खरंच लाखांचा असतो का? भाव कसा ओळखायचा ते समजून घ्या

समजा, तुम्ही महाड एमआयडीसीत कामाला आहात. शिफ्ट सुटली, बिरवाडीकडं जाताना भंगारवाल्याच्या ढिगात एक घडीचा वस्तरा दिसला. पात्यावर इंग्रजी अक्षरं, मूठ पिवळसर पांढरी. तुम्ही शंभराची नोट दिली आणि वस्तरा खिशात टाकला.

रात्री मोबाईलवर रील आली, "असा वस्तरा घरात असेल तर तुम्ही लखपती!"

आता खरं काय? तर बहुतेक जुन्या वस्तऱ्यांची किंमत लाखात नसते, शेकड्यांत किंवा फार तर हजारांत असते. पण चांगला वस्तरा हातात असूनही लोक त्याची किंमत स्वतःच्याच हातानं शून्य करतात. ते कसं, हे शेवटी बघूच. आधी वस्तरा ओळखायला शिकू.

आधी नाव वाचा

पातं मुठीला जिथं जोडलेलं असतं तिथला जाड भाग बघा. कारखान्याचं नाव आणि गाव तिथंच ठोकलेलं असतं. जुन्या वस्तऱ्यांच्या जगात दोन गावं सगळ्यात मोठी, इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं झोलिंगेन. शेफील्डची जोसेफ रॉजर्स, वेड अँड बुचर, वॉस्टनहोम ही नावं संग्राहकांच्या ओळखीची आहेत. रॉजर्सची खूण म्हणजे एक तारा आणि एक क्रॉस.

पण नाव दिसलं म्हणजे माल खरा, असं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन मालावर शेफील्डचं नाव ठोकून विकण्याचे प्रकार इतके वाढले की ब्रिटननं 1887 साली मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट आणला. परदेशी मालावर तो कुठल्या देशात बनला हे लिहिणं भाग पडलं. त्यामुळं पात्यावर 'जर्मनी' असेल तर वस्तरा साधारण त्यानंतरचा समजायचा, आणि 'मेड इन' असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातला.

मग पातं बघा

वस्तरा दगडावर घासताना त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. धारेचा कोन त्यामुळंच कायम राहतो. वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तऱ्याची पाठ थोडी सपाट होते, ते चालतं. पण पातं एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद झालं असेल, तर भाव घसरतो.

पातं उजेडात धरा. बारीकशी जरी चीर दिसली तर तो वस्तरा वापराच्या दृष्टीनं संपला. गंज असेल तर तो कुठं आहे ते बघा. पाठीवरचा गंज परवडतो, पण धारेजवळ गंजानं खड्डे पाडले असतील तर धार लावताना तिथलं पोलाद तुटत जातं.

महाडकरांनी हे जास्त नीट बघावं. जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी घराघरात शिरलं, आणि भिजलेलं कितीतरी सामान भंगारात गेलं. जुने वस्तरे कार्बन स्टीलचे असतात, ते स्टेनलेससारखे पाण्यात टिकत नाहीत. चिखलाचं पाणी मुठीच्या आत, खिळ्यापाशी बसतं आणि गंज तिथून सुरू होतो.

मूठ पांढरी असेल तर सावध

पांढरी मूठ हस्तिदंताची, हाडाची किंवा सेल्युलॉइडची असू शकते. हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात. ओळखायला काडी लावून बघू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

आणि मूठ हस्तिदंताची निघाली तर खूश होऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार आपल्याकडं हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आहे. ऑनलाइन जाहिरात टाकली तर पैशाऐवजी वनखात्याचे लोक दारात येतील.

दुसरा कायदाही 1972 चाच, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी, कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाही. म्हणून परदेशी गिऱ्हाईक मिळालं की लगेच पार्सल करू नका, आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडं विचारा.

भाव कुठं बघायचा?

विकणाऱ्यानं मागितलेली किंमत म्हणजे भाव नाही. मागायला काय, कुणीही लाख मागेल. ईबेसारख्या साइटवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' वेगळ्या बघता येतात. तेच नाव, तेवढीच रुंदी आणि तशीच अवस्था असलेला वस्तरा कितीला गेला ते तिथं बघा. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथंही दोन-तीन जणांना दाखवा, पण पहिल्याच माणसाला देऊन मोकळे होऊ नका.

आणि आता ती चूक

लोक घरी येतात, पॉलिश पेपर घेतात आणि पातं चकाचक करतात. त्यात ठोकलेलं नाव आणि पात्यावरची जुनी नक्षी पुसली जाते. मग वस्तरा कुणाचा, कुठला, हे सांगणारा पुरावाच उरत नाही. काही जण धारवाल्याच्या चाकावर लावून आणतात. चाकावर पोलाद तापतं, निळसर पडतं आणि मऊ होतं. ते परत पहिल्यासारखं करणं घरच्या माणसाच्या हातात नसतं.

करायचं एवढंच, कोरड्या कापडानं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि कोरड्या जागी ठेवा. कोकणच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात अजिबात ठेवू नका, चामडं ओल धरतं. आणि त्यानं लगेच दाढी करायला तर बसूच नका. कुणाचं रक्त लागलेलं पातं आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

शेवटचं एक. हा वस्तरा भंगारात नाही, आपल्याच घराच्या माळ्यावर आजोबांच्या धोकटीत सापडला, तर? एकेकाळी गावात बलुत्याच्या धान्यावर हजामत व्हायची. वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, वाटी, आरसा, सगळं त्या एका धोकटीत असायचं. नंतर ब्लेड बदलायचे वस्तरे आले आणि धोकट्या माळ्यावर गेल्या. अशी धोकटी सापडली तर तिच्यातला वस्तरा एकटा काढून विकू नका. अख्खी धोकटी जपा, आणि ती कुणाची होती हे एका कागदावर लिहून आत ठेवा. भंगारवाला ती किलोवर घेईल, पण त्या कागदामुळं तिचं मोल पुढच्या पिढीला कळेल.